सहसंबंध आणि काकतालीय न्याय

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी, या प्रकाराला आपल्या शास्त्रकारांनी काकतालीय न्याय म्हटले. संख्याशास्त्राचा एक महत्त्वाचा इशारा त्यात दडलेला आहे. दोन गोष्टी कालक्रमात बरोबरीने वाढल्या अथवा एक वाढताना दुसरी घटली, की त्यांत सहसंबंध दिसतो. कार्यकारणभाव मात्र निराळा सिद्ध करावा लागतो.

भारतात १९९२ साली लाख लोकसंख्येमागे खुनांचे प्रमाण सुमारे साडेचार होते. २०२२ मध्ये ते २.१ वर आले. याच काळात साक्षरता वाढली. शाळेच्या व्यासपीठावरून याचे श्रेय शिक्षणाला देण्याचा मोह कोणाला होणार नाही? परंतु १९५१ ते १९९१ या काळात साक्षरता १८ टक्क्यांवरून ५२ वर गेली, तेव्हा १९५३ पासून नोंदला जाणारा खुनांचा दरही एकंदरीत वाढलाच होता. साक्षरता तीच, सहसंबंधाचे चिन्ह मात्र उलटे! एका दिशेने सरकणाऱ्या कोणत्याही दोन मालिका शेजारी ठेवल्या की गुणांक मोठाच येतो. म्हणून जाणकार वर्षावर्षांतील फरक ताडून पाहतात. साक्षरता तर जनगणनेत दहा वर्षांनी मोजली जाणारी. तेथे हे ताडणेही दुष्कर.

शिवाय आकडा म्हणजे घटना नव्हे, घटनेची नोंद होय. एप्रिल १९८१ मध्ये निपाणीच्या तंबाखू आंदोलनात पोलीस गोळीबारात बारा शेतकरी बळी पडले. अशा मृत्यूंचा रकाना सरकारी अहवालांत खुनांहून वेगळा असतो. जून १९८६ मधील बेळगाव परिसरातील बळींचेही तेच. सीमाभागाच्या स्मरणातील ही रक्तलांछित वर्षे खुनांच्या आलेखावर शोधू गेल्यास सापडतीलच असे नाही.