पुढच्या शिडाची दोरी

पावसाळा सरला, समुद्र निवला की मुंबई बंदरात छोट्या शिडाच्या बोटी पुन्हा पाण्यावर उतरतात. त्यांतली एंटरप्राइझ माझी विशेष आवडती. जॅक होल्ट यांनी १९५६ साली इंग्लंडमध्ये ही बोट रेखाटली. लांबी जेमतेम ४ मीटर, शिडं निळी, माणसं दोन. मागे बसणारा सुकाणू आणि मोठं शीड सांभाळतो. पुढे बसणाऱ्याच्या हाती पुढच्या शिडाची, म्हणजे जिबची दोरी असते. नवशिक्याला बहुधा पुढेच बसवतात, म्हणून ते काम हलकं समजलं जातं. मला हे मुळीच पटत नाही. १९८२च्या आशियाई खेळांत मुंबईच्याच पाण्यात फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल वर्गात सुवर्णपदक मिळवलं. तीही दोघांचीच बोट, आणि पदक दोघांचं.

जिबच्या पुढच्या कडेपासून वीतभर मागे, कापडाच्या दोन्ही अंगांना लोकरीचे धागे चिकटवलेले असतात. खाली, मध्ये आणि वर. शिकणाऱ्याची सगळी शाळा या धाग्यांत आहे. वारा दोन्ही अंगांनी नीट वाहत असला की जोडीतले दोन्ही धागे मागच्या दिशेने आडवे राहतात. वाऱ्याकडचा धागा उसळू लागला, तर शीड ढिलं आहे किंवा बोटीचं नाक वाऱ्यात जास्त घुसलंय. आडोशाचा धागा कापडापलीकडे सावलीसारखा दिसतो. तो गरगरू लागला, तर शीड फार ओढलंय किंवा नाक वाऱ्यापासून फार दूर गेलंय.

यातला दुसरा दोष जास्त फसवा. ढिलं शीड फडफडून स्वतःच ओरडतं. जास्त ओढलेलं शीड मात्र गच्च भरलेलं, देखणं दिसतं, बोटही कलते आणि जोरात चालल्याचा भास होतो. प्रत्यक्षात आडोशाच्या अंगाचा वारा कापड सोडून गेलेला असतो आणि वेग मरत असतो. आमचे सर मागून एवढंच म्हणायचे, “ताणू नकोस गं, कोंडतोय वारा.” बोटभर दोरी सुटली की धागा आडवा व्हायचा आणि पाण्याचा आवाज बदलायचा.

वरच्या दोन्ही दोषांत एक ‘किंवा’ आहे. प्रत्येक दोषाला दोन उपाय: शीड हलवा, नाहीतर बोट वळवा. दोघांनी एकाच वेळी दोन्ही केलं तर कशामुळे काय झालं ते कळतच नाही. वाऱ्याच्या दिशेने चढत जाताना सुकाणूवाला जिबचे धागे बघूनच बोट चालवतो, म्हणून पुढच्याने जिब एकदा बसवली की हात आवरायचा. तिथे बोट वळते, शीड थांबतं. वारा बाजूने घेऊन एखाद्या बोयाकडे सरळ निघालं की उलट: सुकाणू थांबतं आणि दोरीवरचा हात अखंड चालतो. थोडी सोड, फडफडली, थोडी ओढ, पुन्हा सोड. माझ्या मते हे काम शिकणं म्हणजे मुख्यतः आपली पाळी कधी आहे, हे ओळखणं.

या बंदरात ती पाळी सारखी बदलते. हिवाळ्यात दुपारी वायव्येकडून येणारा खारा वारा कुलाब्याच्या इमारतींवरून उतरतो, त्यामुळे गेटवेसमोर तो तुकड्यातुकड्यांनी मिळतो. झोत आला की बोटीला जाणवणारा वारा क्षणभर मागे सरकतो आणि आडोशाचा धागा बिथरतो. बाजूच्या वाऱ्यात तेव्हा दोरी लगेच सैल हवी. हे डोळ्यांआधी तळहाताला कळतं. पतंगाच्या मांजासारखी ती दोरी बोलते. म्हणूनच ती क्लीटमध्ये अडकवून मोकळं बसणं मला आवडत नाही. मांडव्याच्या लाँचची लाट आली की बोट आपटते, वेग तुटतो. अशा वेळी जिब थोडी सोडायची, बोटीला जोर येऊ द्यायचा आणि वेग वाढेल तशी परत घ्यायची. आधीच गच्च धरलेल्या जिबने बोट तिथेच लोळत राहते.

दोरी कुठून ओढली जाते हेही पाहावं लागतं. दोरी ज्या कडीतून येते ती पुढे सरकवली तर ओढ खालच्या दिशेने येते, शिडाची मागची कड आवळते. मागे नेली तर तळ सपाट होतो आणि वरचा भाग उघडतो. तपासणी सोपी: बोट हळूहळू वाऱ्यात वळवायची. वरचा धागा आधी उसळला तर कडी फार मागे, खालचा आधी उसळला तर फार पुढे. सगळे जवळपास एकत्र उसळले की जागा बरोबर.

दोन शिडांमधल्या फटीतून वारा चिंचोळ्या वाटेने सुसाटतो, असं जुनी पुस्तकं सांगत. बोइंगमधले वायुगतिकीतज्ज्ञ आर्वेल जेंट्री यांनी १९७०च्या दशकात हे खोडून काढलं. फटीत शिरताना वारा उलट मंदावतो. मोठ्या शिडामुळे जिबवर येणारा वारा आधीच अनुकूल वळलेला असतो आणि जिब त्यातून जास्त ओढ काढते. शिवाय मोठ्या शिडाच्या आडोशाच्या अंगाचा वारा सुटू देत नाही. हे वाचल्यापासून मी माझं शीड बघताना मागचंही बघते. मोठ्या शिडाची पुढची कड आत फुगली, तर बहुधा माझ्या जिबची मागची कड फार आवळलेली असते.

वारा थेट पाठीमागून आला की धागे लोंबतात, त्यांचा उपयोग संपतो. मोठ्या शिडाच्या आडोशात जिब मरगळते, म्हणून ती दुसऱ्या बाजूला काढून काठीने बाहेर रोखायची. काठीचं एक टोक डोलकाठीला, दुसरं जिबच्या कोपऱ्याला. मग मानेवरचा वारा आणि सुकाणूवाल्याची हाक यांकडे लक्ष ठेवायचं, कारण मोठं शीड बाजू बदलायच्या वेळी ती काठी सोडवून पलीकडे लावायचं कामही पुढच्याचंच असतं.