अधिकार आधी, द्रव्य मागाहून

नाशिकहून निफाडमार्गे येवल्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर विंचूर लागते. पेशवाईतील विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांच्या सरंजामामुळे इतिहासात, आणि लासलगाव बाजार समितीच्या उपबाजारातील कांद्यामुळे वर्तमानात, हे नाव महाराष्ट्राला परिचित आहे. ज्या गावी परमुलखातील वाहने, व्यापारी आणि मजूर नित्य येतात त्या गावी साथीलाही वेगळी वाट शोधावी लागत नाही. २०२० च्या मार्चअखेर नाशिक जिल्ह्यातील पहिला कोरोनाबाधित रुग्ण लासलगावनजीकच आढळला, तेव्हा फवारणी, विलगीकरण आणि रुग्णवाहिका यांचा खर्च कोणी, कोणत्या मंजुरीने आणि कोणत्या शीर्षाखाली करावयाचा, हा प्रश्न या टापूतील प्रत्येक ग्रामपंचायतीपुढे एकदमच उभा ठाकला.

या प्रश्नाचे मूळ जुने आहे. मुंबईतील प्लेगनंतर फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग अधिनियम झाला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याने सरकारला प्रवाशांची तपासणी करण्याचे आणि संशयितांना अलग ठेवण्याचे अधिकार दिले, आणि खर्च कोणी सोसावा हे ठरविण्याचीही मुखत्यारी सरकारकडेच ठेवली. परंतु त्या खर्चासाठी एक पैही वेगळी काढून ठेवली नाही. दुष्काळाच्या बाबतीत त्याच राजवटीने याच्या नेमके उलट केले होते. १८७८ च्या सुमारास दरसाल दीड कोट रुपये दुष्काळनिवारणार्थ राखून ठेवण्याचे ठरले, आणि १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर कलेक्टरापासून गावकामगारापर्यंत प्रत्येकाचे कर्तव्य संहितेत आगाऊ लिहिले गेले. ती रक्कम अन्यत्र वळविल्याबद्दल पुढे वादंग माजले हे खरे; तरी संकट येण्यापूर्वीच तरतूद असावी, हे तत्त्व दुष्काळाच्या वाट्याला आले आणि साथीच्या वाट्याला आले नाही.

सव्वाशे वर्षांनी तोच अधिनियम १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रात लागू झाला, आणि निधीची जुळवाजुळव त्यामागून सुरू झाली. १४ मार्चला केंद्राने या साथीला राज्य आपत्ती प्रतिसाद निधीची वाट मोकळी केली. त्यातून साथीवर करावयाच्या खर्चाची मर्यादा सप्टेंबरात ३५ वरून ५० टक्क्यांवर गेली. दरम्यान १५,००० कोटी रुपयांचे आणीबाणीचे आरोग्यपॅकेज एप्रिलमध्ये मंजूर झाले होते. दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, ८ मे २०२१ रोजी, पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामीण अनुदानाचे ८,९२३.८ कोटी रुपये २५ राज्यांना मुदतीआधी वितरित झाले, त्यांतील ८६१.४ कोटी महाराष्ट्राचे होते. हा पैसा अबंधित, म्हणजे विशिष्ट कामाशी न जखडलेला, असल्याने गावातील विलगीकरण कक्षाच्या खर्चाला त्यातून वाट मिळाली. त्यानंतर जुलैत २३,१२३ कोटींचे दुसरे पॅकेज आले. त्यात १५,००० कोटी केंद्राचे, ८,१२३ कोटी राज्यांचे, आणि खर्चाची मुदत ३१ मार्च २०२२ पर्यंतची होती.

हे आकडे मोठे आहेत. तथापि त्यांच्या आकाराहून त्यांचा क्रम अधिक बोलका आहे. दिल्लीची मंजुरी, मुंबईचा शासन निर्णय, जिल्हा परिषदेचे वितरण, गटविकास अधिकाऱ्याचे पत्र आणि ग्रामपंचायतीचा ठराव एवढे टप्पे ओलांडीपर्यंत लाट ओसरूही शकते. आणि नऊ महिन्यांच्या मुदतीत प्राणवायूची यंत्रे व खाटा विकत मिळतात, पण प्रशिक्षित परिचारिका वा प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ मिळत नाहीत. दारोदार फिरून ताप नोंदविणाऱ्या आशाताईंना त्या काळात केंद्राकडून महिना १,००० रुपयांचा जादा मोबदला होता. साथीचे पहिले वर्तमान ज्यांच्या नोंदवहीतून कळावयाचे, त्यांच्या श्रमाचे हे मोल होते.

राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत आरोग्य हा पंचायतीकडे सोपविण्याजोगा विषय म्हणून १९९३ पासून नोंदलेला आहे. त्या नोंदीला अर्थ यावयाचा तर वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यासाठी सुचविलेल्या ७०,०५१ कोटींसारखी तरतूद दरसालची व्हावी लागेल, आणि तिचा एक लहानसा हिस्सा, साथ जाहीर होताच वरच्या परवानगीवाचून खर्चता येईल असा, गावाच्या खात्यावर राखीव ठेवावा लागेल. त्याचा हिशेब मागाहून कसून तपासावा. परंतु हिशेबाच्या धास्तीने खर्चाचा अधिकारच वर अडकवून ठेवणे, ही काटकसर साथीच्या काळात सर्वांत महाग पडते.