उजाडल्याशिवाय पडदा पडायचा नाही

रात्री दोनच्या सुमारास जनरेटर बंद पडला. खलनायक नुकताच नायिकेच्या वाड्यात शिरला होता आणि तेवढ्यात वाडा, खलनायक, नायिका सगळंच अंधारात गेलं. आधी शिट्ट्या झाल्या, मग आरोळ्या. मग मागून कनात टराटरा फाटल्याचा आवाज आला आणि बाहेर ताटकळलेली बिनतिकिटाची पोरं आत घुसली. मागचे पुढच्यांवर कोसळू लागले. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. ब्रह्मपुरी तालुक्यात आत्याचं गाव, शंकरपटाची म्हणजे बैलांच्या शर्यतींची रात्र, पुस महिन्याची थंडी. कोणाचा तरी गुडघा माझ्या पाठीत बसला आणि मी ओरडून म्हणालो, घरी चल. आत्याने मला पोत्यावर दाबून बसवलं. "बस खाली. उजाडल्याशिवाय कोठी जाचा नाही."

तेवढ्यात विनोदी नट कंदील घेऊन पुढे आला. माईक मेलेला होता. तो उघड्या गळ्याने गायला लागला, खालून ऑर्गनवाल्याने सूर धरला आणि तबलाही मागोमाग आला. दुसऱ्या कडव्यापर्यंत माणसं खाली बसली होती. जनरेटर किती वेळाने सुरू झाला ते आठवत नाही. आत्याचं वाक्य मात्र आठवतं. त्याचा अर्थ कळायला मला जवळजवळ चाळीस वर्षं लागली.

मधल्या काळात मी मुंबईला गेलो आणि रॉक संगीताच्या नादी लागलो. धोबी तलावच्या रंगभवनात, आकाशाखाली, गिटारच्या आवाजात घामाघूम होऊन उभं राहणं हे त्या वयातलं माझं देवदर्शन होतं. १९८६ साली सुरू झालेला 'इंडिपेंडन्स रॉक' तिथलाच. एकदा दुसऱ्या एका मैदानात फाटकापाशी असा चेंगरलो, की दोन्ही पाय जमिनीवर नव्हते तरी मी पुढे सरकत होतो. त्या रात्री घरी येऊन एक वही उघडली. बिघडलेल्या, घाबरवणाऱ्या, फसलेल्या मैफलींची वही. ती अजून चालू आहे.

वहीचं पहिलं पान अल्टामाँटचं. ६ डिसेंबर १९६९, कॅलिफोर्निया. वुडस्टॉकला चार महिनेही झाले नव्हते. रोलिंग स्टोन्सचा फुकट कार्यक्रम, सुमारे तीन लाख माणसं, जागा अगदी शेवटच्या घडीला ठरलेली आणि बंदोबस्ताला 'हेल्स एंजल्स' ही मोटारसायकलवाल्यांची टोळी. मंच जेमतेम मीटरभर उंच. स्टोन्स वाजवत असतानाच मेरिडिथ हंटर या अठरा वर्षांच्या मुलाला मंचासमोर भोसकून मारलं गेलं. पुढचं पान डेन्मार्कमधल्या रोस्किल्डचं, ३० जून २०००: पावसाने निसरडी झालेली जमीन, पर्ल जॅमचा कार्यक्रम, चेंगरून नऊ मृत्यू. मग गुडगाव, ऑक्टोबर २०११: मेटॅलिका वाजवणार म्हणून देशभरातून पोरं आली, कार्यक्रम झालाच नाही आणि चिडलेल्या गर्दीने मंच मोडला. नवी मुंबईत मे २०१७ मध्ये जस्टिन बीबरला ऐकायला गेलेले अनेक जण तो नुसते ओठ हलवत होता म्हणून हळहळत परतले.

ही पानं भरताना एक प्रश्न मला छळत राहिला. आत्याच्या गावी त्या रात्री अल्टामाँटचं सगळं साहित्य हजर होतं. बुटका मंच, काळोख, दारू प्यालेले, फुकटे, बंदोबस्ताला गावचीच काठीवाली पोरं. मग तिथे माणूस का मेला नाही?

आत्याचं गाव झाडीपट्टीतलं. झाडीपट्टी रंगभूमीची मूळ ओळख दिवाळी अंकाच्या वाचकाला करून द्यायला नको. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा धानाचा मुलूख. भाऊबीजेनंतर मंडईपासून होळीपर्यंत नाटकं. वडसा म्हणजे देसाईगंज हे नाटक कंपन्यांचं गाव, गोंदिया-बल्लारशा रेल्वेवरचं. दंडार, खडीगंमत ही या नाटकांची आजीआजोबा मंडळी. त्यांच्याविषयी वाचायचं तर डॉ. हरिश्चंद्र बोरकरांकडे जावं. मी गर्दीकडे वळतो.

ही गर्दी तिकीट काढून आलेल्या अनोळखी लोकांची नसते. गावातलं मंडळ वडशाला जाऊन नाटक ठरवतं आणि त्याच दिवसापासून घरोघर निरोप जातात. जावई येतो, व्याही येतात, मुलगी दाखवायची असेल तर तेही पाहुणे येतात. दिवसा पट, संध्याकाळी जेवण, रात्री नाटक. मंडपातला प्रत्येक जण कोणाचा तरी पावना असतो. कनात फाडून आत आलेल्या पोराला अंधारातही आवाजावरून ओळखणारा एखादा मामा तिथे बसलेला असतो. अल्टामाँटच्या तीन लाखांत मामा नव्हता. माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर एवढंच आहे.

उरलेलं अर्धं उत्तर नटांकडे आहे. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांचे आठशेवर नाटकांतल्या भूमिका आणि पाच हजारांवर प्रयोग हे आकडे सगळीकडे छापून आले. लोक त्यांना विदर्भाचे दादा कोंडके म्हणतात. ते आकडे वाचून मी कागदावर हिशेब मांडला. झाडीपट्टीतला प्रयोग म्हणजे एक अख्खी रात्र. पाच हजार रात्री एकापुढे एक ठेवल्या तर साडेतेरा वर्षांहून जास्त होतात. साडेतेरा वर्षं एक माणूस जागा राहिला, थंडीत कुडकुडणाऱ्या, पेंगणाऱ्या, मध्येच भडकणाऱ्या समुदायासमोर! तिथला विनोदी नट नुसता हसवत नाही. गर्दी कुठे फुटते आहे हे त्याला मंचावरून आधी दिसतं आणि तो तिकडे वाक्य फेकतो. कंदीलवाला नट कोण होता ते मला माहीत नाही, पण त्याचं काम कोणत्याही बंदोबस्तापेक्षा मोठं होतं असं मी ठामपणे म्हणतो.

मात्र या गर्दीचे गोडवे गाताना मंचावर उभ्या असलेल्या बाईला विसरलं, तर हा लेख खोटा ठरेल. पूर्वी स्त्रीभूमिका पुरुष करत. नंतर नागपुराहून आणि आणखी दुरून नट्या येऊ लागल्या, नाईट ठरवून. पुढे प्रवेशांच्या मधे रेकॉर्डिंग डान्स आला आणि काही ठिकाणी तो नाटकापेक्षा मोठा झाला. मग नाटकच नको, नुसता नाच हवा अशी मागणी आली आणि 'डान्स हंगामा' नावाचा प्रकार उभा राहिला. जानेवारी २०२२ मध्ये नागपूर जिल्ह्यात उमरेड तालुक्यातल्या ब्राह्मणी गावी शंकरपटाच्या निमित्ताने झालेल्या अशा कार्यक्रमाची चित्रफीत पसरली. मंचावर मुलींचे कपडे उतरवले गेले होते. गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या. ती बातमी वाचून मला त्या मामाची आठवण झाली. तो तिथेही बसलेला असणार, आणि त्याने आवाज दिला नसणार. नाटकात नायिकेवर संकट येतं तेव्हा पोत्यावर बसलेल्या बायका खलनायकाला शिव्या घालतात. हंगाम्यात बायका बसलेल्याच नसतात. बायका उठून गेल्या की त्या गर्दीचं काय होतं, ते ब्राह्मणीत दिसलं.

आता त्या कागदाकडे येतो, ज्याच्यामुळे हा लेख लिहायला बसलो.

रंगभवनातल्या मैफली का थांबल्या हे शोधताना मी ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० मुळातून वाचले. रुग्णालयं, शिक्षणसंस्था आणि न्यायालयांभोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र. रंगभवनाला झेवियर्स कॉलेज आणि रुग्णालयांचा शेजार, त्यामुळे ते या नियमात सापडलं आणि माझं देऊळ बंद झालं. पण माझी नजर नियम ५ वर अडकली. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. अपवाद बंदिस्त जागांचा, म्हणजे सभागृह, समाजमंदिर, मेजवानीचा हॉल. २००२ मध्ये त्यात भर पडली, की सण-उत्सवाच्या निमित्ताने राज्य सरकार १० ते १२ एवढी सूट देऊ शकतं, वर्षाला सगळे मिळून १५ दिवस.

झाडीपट्टीतलं नाटक सुरूच होतं दहाच्या पुढे. संपतं पहाटे. हंगाम चार महिन्यांचा. नियमाच्या अक्षराप्रमाणे पाहिलं तर नांदी व्हायच्या आधीच पडदा पाडायला हवा. मग कनातीने वेढलेला आणि वर कापड ताणलेला मंडप ही 'बंदिस्त जागा' धरायची का? मुंबईतला वातानुकूलित हॉल बंदिस्त, आणि आत्याच्या गावचा मंडप उघडा? ज्यांनी हा नियम लिहिला त्यांच्या डोळ्यांसमोर शहर होतं, याबद्दल मला शंका नाही. शहरात रात्री बारानंतर माणूस रिक्षा करून घरी जातो.

रागाच्या भरात मी त्या विषयावरचा सर्वोच्च न्यायालयाचा १८ जुलै २००५ चा निकाल काढला आणि पहिल्या काही परिच्छेदांतच माझा राग उतरला. ते प्रकरण सुरू झालं होतं १९९८ च्या एका याचिकेने. एका तेरा वर्षांच्या मुलीवर बलात्कार झाला. शेजारी ध्वनिक्षेपकावर गाणी एवढ्या जोरात लागली होती, की तिच्या हाका कोणाला ऐकू गेल्या नाहीत, असं वर्तमानपत्रांत आलं होतं. त्या मुलीने नंतर स्वतःला जाळून घेतलं. याचिकाकर्ता पेशाने अभियंता होता. त्या बातम्या वाचून तो न्यायालयात गेला.

तो परिच्छेद मी कितीदा वाचला असेन. ज्या नियमावर मी चिडलो होतो, त्याच्या मागे न्यायालयात एका मुलीची न ऐकू आलेली हाक उभी होती. तिथे त्या दिवशी भोंगा बंद असता तर ती कदाचित वाचली असती. आणि आमच्याकडे? तिथे पहाटेपर्यंत भोंगा चालू असतो, म्हणून शेकडो बायका आणि पोरी उजेडाखाली, एकमेकींना खेटून, सुरक्षित बसलेल्या असतात. रात्री बारा वाजता नाटक संपवलं तर त्या कुठे जातील?

'उजाडल्याशिवाय कोठी जाचा नाही' याचा अर्थ मला इथे कळला. नाटक रात्रभर चालतं ते कथा लांब असते म्हणून नाही. अर्धे पाहुणे आजूबाजूच्या गावांचे, वाट जंगलातली, आणि घरात एवढ्यांना झोपायला जागा नाही. तेव्हा नाटकानेच रात्र भरून काढायची. तीन अंक, गाणी, मधले नाच, विनोदी पात्रांचं लांबलेलं भांडण हे सगळं उजेडापर्यंत पोहोचण्यासाठी ताणलेलं असतं. पुण्या-मुंबईचे समीक्षक झाडीपट्टीच्या नाटकाला पसरट म्हणतात. त्यांनी एकदा नाटक मध्यरात्री संपलंय असं समजून तिथल्या रस्त्याने चालत घरी जाऊन पाहावं.

कारण त्या रस्त्याची भीती खरी आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सीटी-१ नावाचा वाघ पकडला गेला. वडसा, ब्रह्मपुरी आणि भंडारा या वनक्षेत्रांत मिळून त्याने १३ माणसं मारली होती, आणि तो जेरबंद झाला तो वडशाच्या जंगलात, नाटक कंपन्यांच्या उंबरठ्यावर. त्याच्या वर्षभर आधी छत्तीसगडच्या बाजूने रानहत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला आणि कुरखेडा-कोरचीच्या धानात शिरला. त्याच कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ १ मे २०१९ रोजी नक्षलवाद्यांच्या सुरुंगस्फोटात १५ जवान आणि त्यांचा चालक गेले. अशा मुलखात कंपनीची गाडी पडदे, पेट्या आणि नट घेऊन रोज नव्या गावी जाते, आणि माणसं पोतं, चादर, पोरं घेऊन नाटकाला येतात.

वाईट हंगामांची यादी मोठी आहे, थोडक्यात सांगतो. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, त्यात शंकरपट गेला. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळेपर्यंत पाहुण्यांना बोलवायचं अर्धं निमित्त नाहीसं झालं. भाऊबीज होऊन आठवडाच झाला होता, तेव्हा ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी आली, आणि इथे सगळा व्यवहार रोखीचा. २०२० ची होळी होऊन पंधरा दिवस झाले आणि टाळेबंदी लागली. तो हंगाम हातात पडला. त्यानंतरच्या हिवाळ्याबद्दल आत्या एवढंच म्हणाली, की रात्री फार मोठ्या झाल्या होत्या.

गेल्या हिवाळ्यात तिला घेऊन वडशाजवळच्या एका गावी गेलो. आता तिला पोत्यावर बसवत नाही, खुर्ची धरली. नाटक तसं फसलेलं. नायक अर्धे संवाद विसरत होता, माईक घरघरत होता, मधल्या नाचाला पोरांनी धिंगाणा घातला आणि मंडळाच्या अध्यक्षाला मंचावर येऊन हात जोडावे लागले. साडेचारला भरतवाक्यासारखं काहीतरी झालं आणि पडदा पडला. बाहेर काळोख दाट होता. पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली नाही. तिच्यामागची उठली नाही. अख्खा बायकांचा भाग तसाच बसून राहिला.

कंपनीची माणसं पडदे गुंडाळायला लागली होती. अध्यक्ष आत गेला, काहीतरी बोलला. मग ऑर्गनवाला अंगावर घोंगडी घेऊन परत आपल्या जागेवर येऊन बसला. माईक काढून नेला होता. तो वाजवायला लागला, जुनी गाणी, एकामागून एक, आणि बायका मधूनमधून त्याच्याबरोबर म्हणत राहिल्या. सहाच्या पुढे समोरच्या धुऱ्यावरचा मोह दिसू लागला. तेव्हा आत्याने चादर झटकली.