चित्रपटातील ध्वनिसंकेत आणि प्रेक्षकाची अपेक्षा

हिंदी चित्रपटातील ठोशाचा ‘ढिशूम’ हा ध्वनी प्रत्यक्ष मारामारीत ऐकू येत नाही. तथापि तो नसेल, तर पडद्यावरचा ठोसा पोकळ वाटतो. या विसंगतीची दोन कारणे संभवतात. पडद्यावरील आघाताला वजन नसते. ती उणीव ध्वनी भरून काढतो. शिवाय तलवारींचे द्वंद्व किंवा घोड्यांची दौड बहुसंख्य प्रेक्षकांनी चित्रपटातच ऐकलेली असते. त्यामुळे करवंट्या आपटून काढलेल्या टापाही त्यांना अस्सल भासतात. त्यांचा निकष पूर्वी पाहिलेल्या चित्रपटांवरून घडलेला, म्हणजेच आंतरसंहितात्मक असतो. निर्वात अवकाशात ध्वनीला माध्यम नसते. तरीही ‘स्टार वॉर्स’मधील (१९७७) अवकाशातले स्फोट गडगडतात आणि ते सहसा खटकत नाही, उलट ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’तील (१९६८) शास्त्रशुद्ध निःशब्दताच अनोळखी, भयावह वाटते. भरताच्या परिभाषेत सांगायचे, तर चित्रपटाचे दृश्य लोकधर्मी भासले, तरी त्याचा ध्वनी पुष्कळदा नाट्यधर्मी असतो. ‘ढिशूम’ तर मुलांच्या खेळात आणि बोलण्यात शब्द म्हणून रुळला आहे. अशा ध्वनीला वास्तवाची सदोष नक्कल ठरविण्याऐवजी अर्थवाही संकेत मानून त्याचा अभ्यास करणे अधिक युक्त ठरेल.