गाणे कंपनीला देण्याआधी

भातसानगर, शहापूर, किन्हवली आणि पलीकडे मुरबाडपर्यंत गाणाऱ्या पोरांना तोटा नाही. कोणी उरुसात कव्वाली म्हणतो, कोणी नात शरीफ पढतो, कोणी हळदीच्या मांडवात गातो. कल्याण-भिवंडीला जाऊन गाणे रेकॉर्ड करायचे आणि कंपनीकडे पाठवायचे, ही आता नुसती हौस राहिलेली नाही. त्यात घरचा पैसा लागतो. आम्ही कापडाचे व्यापारी. सुरातले आम्हाला कळत नाही, पण सौदा कळतो, आणि हा सौदाच आहे.

एके काळी एचएमव्हीचा दरवाजा उघडला तरच तबकडी निघायची. 1980 नंतर कॅसेट आली, गुलशन कुमार यांच्या टी-सिरीजने स्वस्त माल बाजारात ओतला, लहान लहान कंपन्या निघाल्या आणि कव्वाली, भीमगीते, कोळीगीते गाणाऱ्यांना वाट मिळाली. मात्र एकरकमी पैसे घ्यायचे आणि सही करून मोकळे व्हायचे, ही रीत कायम राहिली. भिवंडीत मजुरीवर माग चालवणाऱ्याचे असेच असते. सूत दुसऱ्याचे, कापड दुसऱ्याचे; त्याला मीटरवर मजुरी मिळते, पुढे तेच कापड कितीला विकले गेले याच्याशी त्याचा संबंध नसतो. पण गाण्यात सूतही तुमचे असते, हे पोरे विसरतात.

जावेद अख्तर यांनी राज्यसभेत हा प्रश्न लावून धरला आणि 2012 साली कॉपीराइट कायदा बदलला. आता गीतकार आणि संगीतकार यांनी हक्क कंपनीला दिले तरी पुढच्या वापराच्या रॉयल्टीतला त्यांचा बरोबरीचा वाटा सोडता येत नाही. करारात ‘रॉयल्टी सोडली’ असे लिहून सही घेतली तरी ते कलम चालत नाही. ही रॉयल्टी गोळा करून वाटणारी आयपीआरएस नावाची संस्था 1969 पासून आहे. गीतकार-संगीतकाराने तिचे सभासद व्हावे. गायकांसाठी वेगळी संस्था आहे.

करार लेखी हवा आणि त्यात रॉयल्टी किती ते लिहिलेले हवे. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो. मुलूख लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच कंपनीच्या कागदावर ‘कायमचे’ आणि ‘संपूर्ण जगासाठी’ हे शब्द आधीच छापलेले असतात. तेवढ्यावरच बोट ठेवून भाव करावा. आणखी एक गोष्ट: रेकॉर्डिंगचा पुढाकार आणि जबाबदारी ज्याची, त्या रेकॉर्डिंगचा मालक तो. स्टुडिओचे बिल तुम्ही भरले असेल तर पावती जपा, कारण तेव्हा तुम्ही मजूर नसून तयार मालाचे धनी असता.

नमुना पाठवतानाही व्यापाऱ्याची अक्कल लागते. कोणी गिऱ्हाईकासमोर सगळे ताके उलगडत नाही. दोन-तीन गाणी पुरेत, सर्वांत चांगले आधी. कव्वाली किंवा नात असेल तर तसला माल काढणारी कंपनी पाहावी. टी-सिरीजचे इस्लामिक संगीताचे वेगळे चॅनल आहे. लावणीवाल्याकडे नात पाठवून उत्तराची वाट पाहण्यात काय अर्थ? सिनेमाच्या चालीवर आपले शब्द बसवलेले गाणे तर पाठवूच नये. उरुसात ते चालून जाते, पण चाल दुसऱ्याच्या मालकीची, कंपनी हात लावणार नाही.

पाठवण्याआधी शब्द आणि चाल यांची नोंदणी दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात करता येते. प्रत्येक कृतीला 500 रुपये, रेकॉर्डिंगला 2000. नोंदणीवाचूनही हक्क असतोच, पण वाद निघाला तर कागद बोलतो.

आणि जी कंपनी गाणे ‘पसंत’ करून वर तुमच्याकडेच व्हिडिओचे पन्नास हजार मागते, ती गिऱ्हाईक नव्हे, दुकानदार आहे. तेवढा पैसा घालायचाच असेल तर स्वतःच्या नावाने गाणे काढावे. थोडे शुल्क घेऊन सगळ्या ऑनलाइन सेवांवर गाणे चढवणारे वितरक आहेत, हक्क आपल्याकडेच राहतात. भातसाचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात आमच्याच तालुक्यातल्या गावांना टँकर लागतो, हे आपण दरसाल पाहतोच.

करार बहुधा इंग्रजीत असतो. सहीआधी तो घरी आणावा, शहापूरच्या कोर्टातल्या एखाद्या वकिलाकडून वाचून घ्यावा आणि सही झाल्यावर एक प्रत आपल्या पेटीत ठेवावी. प्रत देण्यास कंपनी कां-कूं करत असेल तर पेन खिशातच राहू द्यावे.