वाटाड्या यंत्र आणि चाकांवरचें बिऱ्हाड

स्वयंपाकाची जागा, निजावयाच्या सहा जागा, न्हाणीघर आणि पाण्याची टांकी हें सर्व पोटांत घेऊन रस्त्यानें धांवणाऱ्या गाडीस मोटारहोम म्हणतात. आमच्या आईनें तिला पहिल्याच दिवशीं ‘चाकांवरचें बिऱ्हाड’ असें नांव दिलें, आणि पुढें प्रवासभर दुसरा शब्द कोणाच्या तोंडीं आला नाहीं. २०२४ सालच्या जूनमध्यें अण्णा, आई, दादा, वहिनी, त्यांची अकरा वर्षांची मुलगी आणि मी अशीं सहा माणसें असलें एक बिऱ्हाड भाड्यानें घेऊन स्कॉटलंडच्या उत्तर भागांत बारा दिवस हिंडलों. शाकाहारी कुटुंबास परमुलुखांत स्वतःची शेगडी असणें हें केवढें सुख आहे, तें आमच्या भगिनीवर्गास निराळें सांगावयास नकोच. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय शेगडी नव्हे. ज्या वीतभर यंत्राच्या शब्दावर विसंबून एके सायंकाळीं आम्हीं सहा जीव धोक्यांत घातले, त्या वाटाड्या यंत्राविषयीं चार शब्द लिहावे असा हेतु आहे.

ब्रिटनची निवड करण्यास कारण अगदीं व्यवहारी होतें. तेथें वाहनें आपल्याप्रमाणेंच रस्त्याच्या डाव्या अंगानें चालतात, आणि आपल्याकडील परवान्यावर प्रवाशास लहान गाडी बारा महिन्यांपर्यंत चालवितां येते. आमची गाडी साडेतीन टनांच्या आंतली. लांबी तेवीस फूट आणि उंची दहा फुटांस दोन इंच कमी. हीं मापें आज मला तोंडपाठ आहेत. पहिल्या तीन दिवसांत कोणीं विचारलीं असतीं, तर आम्हां दोघां भावांपैकीं एकासहि सांगतां आलीं नसतीं.

यंत्राची मूळ योजना मोठी कौतुकाची आहे. पृथ्वीपासून सुमारें वीस हजार दोनशें किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे तिसाच्या आसपास उपग्रह फिरत असतात. त्यांतील पहिला १९७८ सालीं सोडण्यांत आला. प्रत्येकाजवळ अत्यंत अचूक असें अणुघड्याळ असून ‘मी अमुक ठिकाणीं आहें आणि आतां अमुक वेळ झाली आहे’ एवढाच निरोप तो सतत पाठवीत असतो. निरोप पोंचावयास किती वेळ लागला यावरून त्या उपग्रहाचें अंतर कळतें, आणि असे निदान चार निरोप मिळाले म्हणजे यंत्र आपलें स्थान काढतें. घड्याळांत एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली तरी अंतरांत तीनशें मीटरांचा फरक पडावा, इतकें हें नाजूक गणित आहे! सामान्य लोकांस मिळणारा संकेत मुद्दाम अस्पष्ट ठेवण्याची जी प्रथा होती, ती मे २००० मध्यें बंद झाली, आणि तेव्हांपासून हीं यंत्रें मोटारींत सर्रास दिसूं लागलीं. आतां रशिया, युरोप व चीन यांच्याहि अशाच योजना आहेत.

येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. यंत्र उपग्रहाचें केवळ ऐकतें. त्यास फोनच्या जाळ्याची गरज लागत नाहीं. गरज लागते ती नकाशासाठीं. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागांत मैलोगणती फोनचा संकेत नसतो. अशा वेळीं नकाशा आगाऊ उतरवून घेतलेला नसेल, तर फोनच्या पडद्यावर कोऱ्या पाटीवर एक निळा ठिपका तेवढा हलतांना दिसतो. आमच्या फोनांचें पहिल्याच दिवशीं असें झालें. भाड्याच्या गाडींत मात्र निराळें यंत्र होतें व त्याच्या पोटांतच नकाशे होते. म्हणून आमची त्याच्यावर अधिकच भिस्त बसली.

परंतु आपण पृथ्वीवर कोठें आहों हें कळणें आणि कोणत्या वाटेनें जावें हें कळणें, या दोन निरनिराळ्या विद्या होत. पहिलींत यंत्राचा हात धरणारा नाहीं. दुसरींत तें ज्यानें नकाशा भरला त्याच्याइतकेंच शहाणें असतें.

अण्णांनीं सर्वे ऑफ इंडियांत पस्तीस वर्षें नोकरी केली. इन्व्हर्नेस येथें उतरतांच त्यांनीं ऑर्डनन्स सर्वेचा कागदी नकाशा विकत घेतला, आणि दादा हंसला. त्या हंसण्यांत अपमान करण्याचा हेतु नव्हता. परंतु सेवानिवृत्त माणसाच्या कानास असें हंसणें निराळें ऐकूं येतें, हें आमच्या ध्यानांत यावयास हवें होतें. अण्णा नकाशा घडी करून मागच्या बांकावर बसले.

चौथ्या दिवशीं आम्ही ॲपलक्रॉस नांवाच्या समुद्रकांठच्या खेड्यास निघालों होतों. टॉर्नाप्रेस येथें रस्ता फुटतो. यंत्रानें डावीकडे वळावयास सांगितलें. अंतर अकरा मैल. त्या फाट्यावर एक मोठी पाटी आहे. पुढील रस्ता २०५३ फुटांपर्यंत चढतो, चढ पांचास एक असा आहे, वळणें केसांच्या आंकड्यासारखीं आहेत, आणि शिकाऊ चालक, फार मोठीं वाहनें व ओढून न्यावयाचीं बिऱ्हाडें यांनीं पहिल्या मैलापुढें न जाणें बरें, अशा अर्थाचा तीवर मजकूर आहे. अण्णांनीं तो मोठ्यानें वाचून दाखविला आणि म्हणाले, “अरे, शील्डेगवरून किनाऱ्याकिनाऱ्यानें दुसरी वाट आहे. लांब आहे, पण सपाट दिसते.”

दादा म्हणाला, “अण्णा, वाट जात नसती तर यंत्रानें दाखविली असती का?” मींहि त्याचीच री ओढली. अण्णा पुढें कांहीं बोलले नाहींत.

त्या खिंडीचें नांव ब्यालख ना बा, म्हणजे गाईगुरांची खिंड. पूर्वीं तिच्यावरून गुरें हांकून नेत. रस्ता एका गाडीपुरता; मधून मधून समोरच्यास जागा देण्यासाठीं रुंद केलेले कोपरे. दीड मैल चढलों तोंच वरून धुकें उतरलें, आणि त्या धुक्यांतून एकामागून एक तीन मोटारी समोर उभ्या राहिल्या. मागें सरणें आम्हांसच भाग होतें. मी खालीं उतरून गाडीच्या मागें चालूं लागलों. तेवीस फुटांच्या गाडीचा मागला भाग चाकांच्याहि बराच मागें लोंबत असतो. वळणावर तो रस्ता सोडून थेट दरीवर गेलेला मीं पाहिला. आंत आईनें नातीचें डोकें आपल्या मांडीवर दाबून धरलें होतें, हें मला वहिनीनें मागाहून सांगितलें. समोरच्या मोटारींतून एक वयस्क गृहस्थ उतरले व हातांनीं खुणा करीत दादास इंच इंच मागें घेऊं लागले. शंभर-सव्वाशें फूट अंतरास वीस मिनिटें लागलीं. वळून परत जाण्याइतकी जागा नव्हती, म्हणून पुढेंच जावें लागलें. माथ्यावर गाड्या उभ्या करावयाची जागा आहे, तेथें पोंचल्यावर दादानें गाडी बंद केली आणि दोन्ही हात चाकावर तसेच ठेवून बसून राहिला. त्या वेळीं यंत्र अगदीं शांत स्वरांत सांगत होतें, “सरळ चला.”

रात्रीं ॲपलक्रॉसच्या तळावर वरणभात झाल्यानंतर आम्ही कारण शोधूं लागलों. यंत्रांत गाडीची उंची, रुंदी, लांबी व वजन भरण्याची सोय होती. गार्मिन, टॉमटॉम वगैरेंचीं खास अशा गाड्यांसाठीं केलेलीं यंत्रें असतातच. आमच्या यंत्रांत वाहन ‘मोटार’ असेंच राहिलें होतें. तपासून पाहण्याचें काम आमचें होतें आणि तें आम्हीं केलें नव्हतें. सर्व मापें भरलीं, आणि दादानें दुसऱ्या दिवशींचा मुक्काम म्हणून शील्डेग घालून पाहिलें. यंत्रानें पुन्हा तीच खिंड दाखविली!

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलों. तेव्हां अण्णांनीं, कोणास टोमणा न मारतां, उलगडा केला. ठेंगण्या पुलाखालून दहा फुटांची गाडी जात नाहीं, ही मनाई आहे. ती आंकड्यांत मांडतां येते, म्हणून यंत्र ती पाळतें. या खिंडीवर मनाई नाहीं, सल्ला आहे. सल्ला आंकड्यांत बसत नाहीं. तो पाटीवर लिहिलेला असतो आणि माणसानें वाचावयाचा असतो. पस्तीस वर्षें नकाशे केलेल्या माणसाचें हें बोलणें आम्हीं पाटीपाशींच ऐकलें असतें तर!

मापें भरणें व्यर्थ, असा मात्र याचा अर्थ नव्हे. ब्रिटनमध्यें जुने रेल्वेचे पूल पुष्कळ आहेत, व कांहीं पाट्यांवर उंची अजून केवळ फुटां-इंचांत असते. गाडीच्या कागदांवर ती मीटरांत. वहिनीनें दोन्ही मापें एका चिठ्ठीवर लिहून चालकाच्या डोळ्यांसमोर चिकटविलीं, ही सर्वांत स्वस्त आणि उपयुक्त योजना ठरली. छपरास झालेली इजा विम्यांत बसत नाहीं असें आमच्या करारपत्रांत एक कलम होतें, तेंहि तेव्हांच वाचण्यांत आलें. तसेंच डोंगराळ प्रदेशांत केवळ पोस्टाच्या सांकेतिक क्रमांकावर ठिकाण शोधूं नये. एकाच क्रमांकांत मैलभर विखुरलेलीं घरें येतात. तळाचे अक्षांश-रेखांश मागून घ्यावे. पोंचण्याची जी वेळ यंत्र सांगतें ती एकेरी रस्त्यावर कधींच खरी होत नाहीं, म्हणून मुलांच्या जेवणाची वेळ तिच्यावर बेतूं नये. आणि फोन हातीं धरून गाडी चालविल्यास तेथें दोनशें पौंड दंड होतो, सबब वाट सांगण्याचें काम शेजारच्यानें करावें.

आमच्याकडे तें काम पांचव्या दिवसापासून आजोबा व नात यांनीं वांटून घेतलें. अण्णा नकाशा मांडीवर पसरून पुढें बसले. आम्ही किनाऱ्याची लांब वाट धरली. डावीकडे समुद्र, पलीकडे राझे व स्काय हीं बेटें, आणि रस्त्यांत निवांत पडलेल्या मेंढ्या. यंत्र पहिले चार मैल परत फिरा, परत फिरा असें विनवीत होतें. नात तें ऐकून दर वेळीं आजोबांकडे पाही, आजोबा नकाशावर बोट ठेवून मान हलवीत, आणि मग ती यंत्रास मराठींत सांगे, “थांब रे जरा, पुढें वळण आहे.”