कार्ड हातात, पण दवाखाना घेत नाही

"आमच्याकडे कार्ड चालत नाही. पैसे भरा, नाहीतर यवतमाळले न्या." शेतकरी बंधूंनो, हे वाक्य आपल्या तालुक्यात नवे नाही. पेशंट ऑटोत कण्हत असतो अन् घरचा माणूस रेशन कार्ड हातात घेऊन काउंटरवर उभा असतो. अशा वेळी भांडून फायदा होत नाही. नकार कशापायी मिळतो, हे आधीच माहीत असले तर धावपळ वाचते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आधी राजीव गांधी जीवनदायी या नावाने २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २०१३ च्या नोव्हेंबरात ती राज्यभर आली, २०१७ मध्ये नाव बदलले. आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना सातबारावर लाभ मिळायचा, त्यात यवतमाळही होता. १ जुलै २०२४ पासून कार्ड कोणत्याही रंगाचे असो, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे.

मग नकार का? पहिली गोष्ट, दवाखाना योजनेत असला तरी सगळ्या उपचारांसाठी असतोच असे नाही. आपल्या कृषी सेवा केंद्राचेच पाहा. बियाण्याचा परवाना वेगळा, खताचा वेगळा, कीटकनाशकाचा वेगळा. तसेच हाडाच्या ऑपरेशनला मान्यता असलेल्या दवाखान्यात हृदयाचा पेशंट योजनेत बसेलच असे नाही. काही उपचार तर सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत. साध्या तपासणीला, म्हणजे भरती न होता औषध घेऊन घरी जायला, कार्ड लागू होत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. प्रत्येक उपचाराचा दर सरकारने ठरवून दिलेला आहे. तो परवडत नाही, अशी खाजगी डॉक्टरांची तक्रार असते. शिवाय खर्च आधी करायचा, बिल मागाहून पाठवायचे, त्यावर शंका निघाल्या की पुन्हा कागद जोडायचे. एकाधिकार खरेदीत कापूस घालून चुकाऱ्याची वाट पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको! डॉक्टरांची ही अडचण खोटी नाही. पण योजनेत नाव नोंदवल्यावर, मंजूर उपचारासाठी पेशंटकडून वरून पैसे घेणे हे नियमात बसत नाही. कोणी मागितलेच तर पावती मागा. बिनपावतीची तक्रार टिकत नाही.

योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. डॉक्टरच्या आधी त्याला गाठा. रेशन कार्ड आणि आधार त्याच्याकडे द्या, आजार कोणत्या उपचारात बसतो ते विचारा. तातडीचा पेशंट असेल तर फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करण्याची सोय आहे, कागद मागाहून देता येतात. आरोग्यमित्र दाद देत नसेल तर १५५३८८ या नंबरवर फोन करा आणि तक्रार नोंदवा.

जीव धोक्यात असेल तर कार्डाचा वाद घालतच बसू नका. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात सांगितले आहे की, डॉक्टर सरकारी असो की खाजगी, जीव वाचवण्याचे उपचार आधी. मार्च २०२५ मध्ये पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात एका गर्भवतीकडे दहा लाखांची अनामत मागितल्याचा आरोप झाला. ती पुढे दुसरीकडे दगावली. त्यानंतर तातडीच्या पेशंटकडून अनामत घेणार नाही, असे त्या रुग्णालयाने जाहीर केले.

फवारणीच्या दिवसांत तर हे विशेष ध्यानात ठेवा. २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी आली की १०८ ला फोन करा. औषधाचा डबा किंवा लेबल सोबत न्या, म्हणजे डॉक्टरला विष ओळखता येते.

एक जुनी गोष्ट. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या सुमारास डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने ज्वारीवर आरोग्य विमा चालवला. हंगामात गावाने ज्वारी गोळा करायची, त्या बदल्यात दवाखान्यात उपचार. एकट्यादुकट्याला नव्हे, गावातली बहुतेक घरे आली तरच गाव घ्यायचे. पेशंट दारात गेल्यावर कार्ड कोणते, हा प्रश्नच नव्हता. आज ज्वारीच कमी झाली, ते वेगळे.

ग्रामसेवक आणि पोलीस पाटील मंडळींना विनंती, की जवळच्या कोणत्या दवाखान्यात कोणता उपचार योजनेत होतो, ते आरोग्यमित्राला विचारून ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावे. तसेच अनेक जण गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत दवाखान्याचे बिल मागायला आमच्या कार्यालयात येतात. त्या योजनेत बिल मिळत नाही. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर सानुग्रह अनुदान मिळते, आणि त्याचा प्रस्ताव ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकारी कार्यालयात द्यावा लागतो.